रिॲक्शन टाइमच्या नावावर खेळ विकू नका

हल्ली बडोद्यात कुठल्याही स्पोर्ट्स अकॅडमीचं पत्रक हातात घ्या, एक ओळ त्यात हमखास असतेच की खेळाने तुमच्या मुलाचा रिॲक्शन टाइम सुधारतो, एकाग्रता वाढते, मार्क वाढतात. खाली फी. मार्क म्हटलं की आपल्याकडचे आईबाप खिशात हात घालतात हे त्या लोकांना बरोबर ठाऊक आहे. आणि आता शाळाही हेच बोलायला लागल्यात, पालकसभेत कुणी विचारलं की अहो नववीनंतर पीटीचा तास गेला कुठे, तर उत्तर येतं की आम्ही निवडक मुलांना खास ट्रेनिंग देतो, त्यांची टेस्टही घेतली, बघा किती फास्ट झालीत.

माझं म्हणणं सरळ आहे. खेळ आणि रिॲक्शन टाइम यांचा संबंध आहे, अगदीच नाही असं कोण म्हणेल, पण तो पत्रकात लिहिलाय तेवढा सोपा नाही आणि तेवढा मोठा तर मुळीच नाही. आणि मुलांना खेळू द्यायचं की नाही हे जर आपण या आकड्यावर ठरवायला लागलो तर नुकसान त्याच मुलांचं होईल ज्यांना मैदानाची सगळ्यात जास्त गरज आहे, म्हणजे जी टीमात नसतात, जी जरा मंद आहेत, जाड आहेत, चष्मेवाली आहेत, आणि मुली.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. समोर दिवा लागला की बटण दाबायचं, दिवा लागल्यापासून बोट हलेपर्यंत जो वेळ जातो तो रिॲक्शन टाइम. कॉलेजच्या वयाच्या धडधाकट मुलाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आवाजावर त्याहून थोडा कमी वेळ लागतो. हे मोजायचं वेड जुनं आहे. गॉल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८४ साली लंडनच्या प्रदर्शनात स्टॉल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजमापं घेतली होती त्यात हेही होतं, आणि त्याच्याही आधी १८६८ मध्ये डाँडर्स नावाच्या डच डॉक्टरने एक महत्त्वाचा फरक करून ठेवला होता जो पत्रकवाले सोयीने विसरतात. तो म्हणाला की नुसतं दिवा लागला की दाबा हे एक काम झालं, लाल लागला तर डावं आणि हिरवा लागला तर उजवं हे वेगळं काम, आणि फक्त हिरव्याला दाबा पण लाल लागला तर हात आवरा हे तिसरंच काम. तिन्हीला वेगवेगळा वेळ लागतो, कारण मधे डोक्याला ओळखायचं आणि ठरवायचं काम करावं लागतं. पुढे १९५२ मध्ये हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की पर्याय वाढत गेले की वेळही ठरावीक हिशोबाने वाढत जातो. हे तीन प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

शाळेत एवढी मशीनं कुठून आणायची, म्हणून फूटपट्टीचा प्रयोग करतात. माझी भाची नववीत आहे, तिने शाळेच्या सायन्स प्रदर्शनात हाच प्रोजेक्ट केला, खेळाडू विरुद्ध न खेळणारे. एकाने पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली अंगठा आणि बोट शून्याच्या आकड्याशी उघडं ठेवायचं, न सांगता पट्टी सोडायची आणि त्याने चिमटीत पकडायची, किती सेंटीमीटरवर पकडली त्यावरून वेळ निघतो, गुरुत्वाकर्षणाचा साधा फॉर्म्युला. १५ सेंटीमीटरवर पकडली तर १७५ मिलिसेकंद, २० वर पकडली तर २०२. घरातल्या सगळ्यांना तिने रांगेत बसवलं, आजीसकट, आणि मी बघत होतो तर अर्धे लोक पट्टी बघतच नव्हते, पट्टी धरणाऱ्याच्या बोटांकडे बघत होते, बोट जरासं सैल झालं की इकडे चिमटी बंद. तिला म्हटलं अगं हे लोक पट्टीला रिॲक्ट करत नाहीयेत, तुझ्या बोटांवरून अंदाज घेतायत. ती म्हणाली, "मामा, तू उगाच फाटे फोडतोस, मला फक्त ग्राफ काढायचाय." ग्राफ छान आला, खेळाडूंचा बार बुटका, बाकीच्यांचा उंच, खाली निष्कर्ष की खेळामुळे रिॲक्शन टाइम कमी होतो. मुलांच्या प्रोजेक्टला काय नावं ठेवायची, पण अडचण अशी आहे की मोठ्या माणसांचे पुष्कळ अभ्यासही याच साच्याचे असतात, एका बाजूला कॉलेजच्या टीममधली थोडी मुलं, दुसऱ्या बाजूला न खेळणारी तेवढीच, दोघांना दिवा आणि बझर, सरासरी काढली, फरक आला, निष्कर्ष तयार.

आता या फरकात काय काय दडलेलं असतं ते बघा. खो-खोच्या टीममध्ये सर कुणाला घेतात? जो चपळ आहे त्यालाच ना. मग तो खेळून चपळ झाला की चपळ होता म्हणून खेळला, आधी कोंबडी की आधी अंडं, हे नुसती एकदा टेस्ट घेऊन कळणारच नाही. शिवाय वय. शाळेतली मुलं वाढतात तसतसा त्यांचा रिॲक्शन टाइम आपोआप कमी होत जातो, पार विशीच्या आसपासपर्यंत, तेव्हा टीममध्ये अकरावी-बारावीचे घोडे आणि दुसऱ्या गटात आठवीची पोरं असतील तर खेळाचा काही संबंध नसताना फरक येणार. मुलांचा साधा रिॲक्शन टाइम सरासरीने मुलींपेक्षा थोडा कमी येतो हेही जुनंच निरीक्षण आहे, आणि आपल्याकडच्या शाळांमध्ये खेळणाऱ्यांत मुलगे जास्त, न खेळणाऱ्यांत मुली जास्त, झाला गोंधळ. आणि जूनमध्ये टेस्ट, डिसेंबरमध्ये परत तीच टेस्ट, सुधारणा दिसली, तर त्यातली काही सुधारणा तर टेस्टच दुसऱ्यांदा दिल्याची असते. खरं शोधायचं असेल तर चिठ्ठ्या टाकून एका वर्गाला सहा महिने खेळवा, दुसऱ्याला नेहमीसारखं राहू द्या, मोजणाऱ्याला कोण कुठल्या वर्गातला ते सांगू नका. अकॅडमीवाले हे कशाला करतील? चिठ्ठ्या टाकून फी घेता येत नाही.

बरं, फरक खरा आहे असं धरू. केवढा आहे? समजा न खेळणाऱ्याने २१ सेंटीमीटरवर पट्टी पकडली आणि खेळणाऱ्याने १८ वर. ग्राफवर हे केवढं मोठं दिसतं. हिशोब केला तर २०७ आणि १९२, म्हणजे फरक १५ मिलिसेकंदांचा. मोबाइलवर जे रिॲक्शन टेस्टचे ॲप असतात ना, साध्या स्क्रीनवर चित्रच सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे दर १६-१७ मिलिसेकंदांनी एकदा, वर टचला लागणारा उशीर वेगळा, तेव्हा फोन बदलला की मूल "सुधारतं". कुणी म्हणेल की रस्त्यावर कामाला येतो हा फरक. मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत संध्याकाळी ॲक्टिवा चालवणाऱ्या माणसाला पटेलही हे, पण ताशी ४० ने गाडी असेल तर १५ मिलिसेकंदांत ती जाते साधारण १७ सेंटीमीटर. एक वीत. आपल्याकडे हायवे डिझाइन करताना ड्रायव्हरला धोका दिसण्यापासून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद लागतात असं धरतात, कारण खऱ्या रस्त्यावर वेळ जातो तो लक्ष नसण्यात, काय करावं हे न सुचण्यात, आणि मांडीवर ठेवलेल्या फोनमध्ये. तिथे एका विताने काय होणार.

आता सगळ्यात मजेशीर भाग. ज्यांचा रिॲक्शन टाइम जगात सगळ्यात भारी असेल असं आपण धरून चालतो ते मोठे खेळाडू या साध्या टेस्टमध्ये तितकेसे वेगळे निघत नाहीत. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ मध्ये मारली तेव्हा बंदुकीच्या आवाजावर त्याचा रिॲक्शन टाइम होता ०.१४६ सेकंद. चांगला आहे पण अद्भुत काही नाही, त्याहून लवकर सुटणारे धावपटू ढिगाने आहेत आणि ते सगळे त्याच्या मागेच राहिले. आणि फार लवकर सुटलात तर अजून पंचाईत, ०.१०० च्या आत हललात तर तुम्ही आवाज ऐकून नाही, अंदाजाने पळालात असं धरून बाद करतात, २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये डेव्हन ॲलन बिचारा ०.०९९ ला बाद झाला, एक हजारांश सेकंदासाठी.

क्रिकेटचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. ताशी १४० ने बॉल आला तर हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत जेमतेम ०.४५ सेकंद मिळतात. १९८७ मध्ये पीटर मॅक्लाउड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आंतरराष्ट्रीय दर्जाच्या बॅट्समनना अशा चटईवर खेळवलं जिच्याखाली लाकडी पट्ट्या होत्या, म्हणजे टप्प्यानंतर बॉल कुठे वळेल याचा नेमच नाही, आणि निघालं काय की बॉल अचानक वळल्यावर बॅट वळवायला त्यांनाही साधारण २०० मिलिसेकंद लागत होते, गल्लीतल्या खेळणाऱ्याला लागतात तेवढेच. मग हे लोक इतके भारी कसे? तेही मॅक्लाउडनेच लँड नावाच्या सहकाऱ्याबरोबर २००० साली दाखवलं, डोळ्यांच्या हालचाली टिपून. बॅट्समन बॉलच्या मागे मागे बघतच नाही, हातातून सुटताना बघतो आणि मग नजर आधीच टप्प्याच्या जागी उडी मारून जाऊन बसते, आणि जो जास्त चांगला बॅट्समन त्याची नजर जास्त लवकर पोचते. म्हणजे तो फास्ट नाहीये, त्याला आधी कळतं.

बडोद्याच्या माणसाला आपल्या विकेटकीपर किरण मोरेचं नाव घेतल्याशिवाय हे समजावता येणार नाही. जानेवारी १९८८, मद्रास टेस्ट, वेस्ट इंडिज समोर, स्पिनर हिरवाणीने पहिल्याच टेस्टमध्ये १६ विकेट काढल्या ती मॅच. त्यात मोरेने सहा स्टंपिंग केले, पाच एकट्या दुसऱ्या डावात. आता हिशोब करा, स्पिनरचा बॉल टप्पा पडल्यावर ताशी ६० च्या आसपास धरला तर बॅट चुकल्यापासून ग्लव्हपर्यंतचं मीटर-दीड मीटर अंतर तो शंभर मिलिसेकंदांच्या आत काटतो. इतक्यात जगातला कुठलाच माणूस "अरे चुकला" हे बघून हात हलवू शकत नाही. हात आधीच तिथे असावे लागतात. बॅट्समन पुढे आला, बॉल कसा सुटला, किती वळणार, हे सगळं वाचून झालेलं असतं आणि बॉल चुकतो तेव्हा फक्त बेल्स उडवायच्या बाकी असतात. मोतीबागच्या मैदानावर लहानपणी ज्यांनी कीपिंग केलंय त्यांना विचारा, कोच ओरडतो तो कधी "फास्ट हो" म्हणून ओरडत नाही, ओरडतो "लवकर उठू नकोस" म्हणून.

लवकर उठू नकोस. ही जी आवरायची शिस्त आहे ना, माझ्या मते शाळेतल्या मुलाला खेळातून मिळणारी खरी गोष्ट हीच आहे, आणि ती फूटपट्टीत कधीच दिसणार नाही. खो-खो बघा. आठ जण चौकोनात बसलेले, एकाआड एक विरुद्ध तोंडं करून, नववा पाठलाग करतोय. बसलेल्या मुलीला पाठीवर थाप आणि "खो" ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही. तिच्या समोरून धावणारी हातभर अंतरावरून गेली तरी नाही. उठली की फाउल. आणि पाठलाग करणारी हूल देत असते, येतेय येतेय वाटतं आणि पुढे निघून जाते, थाप पडतच नाही. परवा एका मैदानावर बारा-तेरा वर्षांच्या मुलींची प्रॅक्टिस बघत होतो, एक नवीन मुलगी होती, ती दर हुलीला अर्धी उठायची, टाच उचलली जायची, मातीत बोटं रुतवून परत खाली बसायची. सरांनी तिला काही सांगितलं नाही, फक्त परत परत तिच्याच मागून हूल द्यायला लावली. थोड्या वेळाने टाच हलायची थांबली. मग एकदा खरी थाप पडली आणि ती जी सुटली, समोरची धावणारी खांब गाठायच्या आत बाद. डाँडर्सचा तिसरा प्रकार तो हाच, कधी दाबायचं नाही ते कळणं. आणि धावणारीचा तर दुसरा प्रकार चालूच असतो, डावीकडून जाऊ की उजवीकडून, साखळी खेळू की खांबाला गोल फिरू, हिकचा नियम पायांनी सोडवणं.

हे नुसतं माझं प्रेम बोलतंय असं नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या चार्ल्स हिलमनच्या गटाने २०१४ मध्ये एक चांगला प्रयोग छापला, सात ते नऊ वर्षांची २२१ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एका गटाला नऊ महिने शाळा सुटल्यावर रोज दोन तासांचा खेळ-व्यायामाचा कार्यक्रम, दुसऱ्याला काही नाही. फायदा दिसला तो मोह आवरण्याच्या आणि एका नियमावरून दुसऱ्या नियमावर उडी मारण्याच्या कामांमध्ये, आणि जी मुलं जास्त नियमित आली त्यांना जास्त. नीट बघा, ही टीममधली निवडलेली मुलं नव्हती. साधी मुलं. पत्रकवाल्यांनी सांगायचंच असेल तर हे सांगावं, पण मग त्यांना निवड चाचणी बंद करावी लागेल.

आणि रिॲक्शन टाइमच पाहिजे असेल ना, तर मग एक गोष्ट पालकांनी पचवायची तयारी ठेवावी. व्हिडिओ गेम. बॅव्हेलिए नावाची मेंदूचा अभ्यास करणारी बाई आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलं की धूमधडाका ॲक्शन गेम खेळणारे लोक वेगवेगळ्या टेस्टमध्ये जास्त लवकर रिॲक्ट करतात आणि तरी चुका जास्त करत नाहीत. म्हणजे माझा भाचा जो पंख्याखाली पालथा पडून बॅटलग्राउंड्स खेळत असतो तो उद्या मला म्हणू शकतो, मामा, मी रिॲक्शन टाइम सुधारतोय, अकॅडमीची फी वाचवली. काय उत्तर देणार? त्या आकड्याच्या भाषेत बोललात तर उत्तरच नाही. उत्तर द्यायचं तर तुम्हाला घामाबद्दल, उन्हाबद्दल, गुडघे फुटण्याबद्दल, दुसऱ्याच्या चुकीमुळे आपण हरलो तरी त्याच्याशीच सायकलवर घरी येण्याबद्दल बोलावं लागेल, आणि हे काही मिलिसेकंदात बसत नाही. एकदा खेळाची किंमत त्या एका आकड्यात सांगितली की उद्या दुसरं काही स्वस्त मिळालं की खेळ गेला, जशी भाजीवाल्याकडे दोन रुपयांनी स्वस्त मेथी दिसली की आपण पहिली जुडी परत टाकतो तसा.

झोपेचं तर विचारूच नका. २००३ मध्ये व्हॅन डाँगेन आणि मंडळींनी लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं, तर लक्ष ठेवून बटण दाबायच्या टेस्टमध्ये ते इतके घसरले की जणू एक-दोन रात्री सलग जागलेत, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण ठीक आहोत. आता आपल्या दहावीच्या मुलाचा दिवस मांडा, सकाळी सातची शाळा, दुपारी होमवर्क, पाच ते नऊ ट्यूशन, मग जेवण, मग "बोर्डाचं वर्ष आहे" म्हणून बारापर्यंत. नवरात्रीचे नऊ दिवस तर सोडाच, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बडोद्यातल्या कुठल्याही शाळेत ही टेस्ट घ्या, राष्ट्रीय पातळीचा खेळाडू आणि ढिम्म बसणारा दोघे सारखेच झोपलेले सापडतील. माझा अंदाज आहे की ज्या पालकांना खरंच मुलाचा रिॲक्शन टाइम सुधारायचाय त्यांनी अकॅडमी न लावता ही नऊपर्यंतची ट्यूशन काढून टाकली तर जास्त फरक पडेल. पण ट्यूशन काढा असं पत्रक कोण छापणार.

मग खरा प्रश्न काय आहे? खरा प्रश्न आहे की खेळायला मिळतं कुणाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. सीबीएसईने २०१८ मध्ये नववी ते बारावीला रोज एक तास आरोग्य आणि खेळाचा ठेवा म्हणून सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं हलायला मिळालं पाहिजे. गुजरातमध्ये २०१० पासून खेल महाकुंभ या सरकारी खेळस्पर्धांचा मेळा भरतो, चांगली गोष्ट आहे, पण त्यातही पोचतात ती आधीच खेळणारी. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात दिवाळीनंतर पोर्शन संपवायचा असतो आणि सगळ्यात आधी कापला जातो तो पीटीचा तास, गणिताच्या बेन येतात आणि गोड आवाजात मागून घेतात. मैदान असतं पण त्यावर गाड्या लागतात, नाहीतर टर्फ घालून ते संध्याकाळी तासावर भाड्याने जातं, शाळेच्याच मुलांना आत यायला पैसे. आणि मुली आठवीनंतर मैदानावरून गायब होतात, कुणी त्यांना नको म्हणत नाही, फक्त कपडे बदलायला जागा नसते, संध्याकाळी उशीर झालेला घरी चालत नाही, आणि टीम "मुलांची" असते.

या गावाला हे शोभत नाही. इथे सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसकट, तेव्हा कुणी निवड चाचणी घेतली नव्हती. दांडिया बझारला जुम्मादादांचा आखाडा १८८० पासूनचा, तिथे प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्यांमागून पिढ्या घडवल्या, त्यात पुढे मेडल आणणारे किती आणि नुसते कारकून, मास्तर, दुकानदार होऊन गेलेले किती, दुसरेच जास्त असणार. हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम ठरवून स्पर्धा भरवल्या त्याही इथेच. आमच्या मागच्या पिढीतले लोक आखाड्यात जायचे ते काहीतरी सिद्ध करायला नाही जायचे, संध्याकाळी जायचं असतं म्हणून जायचे. मी जुन्या दिवसांच्या आठवणीत रमणारा माणूस नाही, त्या आखाड्यांत मुली किती होत्या आणि सगळ्या जातींची मुलं किती होती हा प्रश्न विचारावाच लागेल, पण दार उघडं ठेवायचं आणि जो येईल त्याला हात-पाय हलवायला लावायचं ही पद्धत चांगली होती आणि ती परत आणायला काही नवीन संशोधन लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी उडवून लावणार नाही. पीटीचे एक सर मला म्हणाले, "काका, तुम्ही म्हणता ते खरंय, पण आकडा दाखवल्याशिवाय ट्रस्टी ऐकत नाहीत, मला तास टिकवायचाय तर काहीतरी मोजून दाखवावं लागतं." त्या माणसाची अडचण खरी आहे. गणिताच्या सरांकडे मार्क आहेत, सायन्सवाल्यांकडे प्रदर्शनं आहेत, याच्याकडे काय आहे, शिट्टी. पण म्हणून ज्याच्यात फरक कमी, निवडीचा गोंधळ जास्त, आणि जो आकडा उद्या मोबाइलवाला पळवून नेईल, तोच आकडा त्याने हातात घ्यावा का? एकदा १५ मिलिसेकंदांच्या जोरावर तास मिळवलात की पुढच्या वर्षी ट्रस्टी विचारणार, यंदा किती, आणि मग सर काय करतील, जी मुलं फास्ट आहेत त्यांनाच टेस्टला बसवतील. बाकीची बाकावर. म्हणजे तास वाचला पण वर्ग गेला.

मोजायचंच असेल तर मोजा की, पण हे मोजा: या महिन्यात खेळाचा तास टाइमटेबलात किती वेळा होता आणि खरोखर किती वेळा झाला, झाला तेव्हा वर्गातली किती मुलं मैदानात होती आणि किती कडेला बॅगा सांभाळत होती, त्यात मुली किती. जूनच्या पहिल्या पालकसभेत हाच एक प्रश्न लेखी द्या, दहा-बारा पालकांनी मिळून दिला तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं. याला सेन्सर नको, ॲप नको, पीटीच्या सरांकडे हजेरीची वही असतेच. ज्या दिवशी गणिताच्या बेननी तास मागून घेतला त्या तारखेसमोर सरांनी तसं स्पष्ट लिहायचं, आणि ती वही ट्रस्टींच्या टेबलावर ठेवायची.